जर्मन-स्कँडिनेव्हियन घराण्याची वंशावळ कशी काढावी: आधी गाव, मग नाव, सगळ्यात शेवटी कुलचिन्हाची ढाल

घरात जर्मन सून येते, डॅनिश जावई येतो, किंवा नातवंडांचे एक आजोळ नॉर्वेत असते. मग कुणीतरी विचारतेच, आपली वंशावळ कुळवृत्तांतात छापलेली आहे, तिकडची कुठे मिळते? माझे सासर जर्मनी-डेन्मार्क सीमेवरच्या श्लेस्विगचे, त्यामुळे ही शोधाशोध मी आधी नाइलाजाने आणि मग हौसेने केली. तिकडे साध्या शेतमजुराच्या घराण्याचाही माग अडीच-तीनशे वर्षे मागे लागू शकतो आणि त्यातले बरेच कागद आता घरबसल्या वाचता येतात. ज्यांनी अजून सुरुवातच केलेली नाही, त्यांच्यासाठी हे टिपण.

बहुतेक नवखे जिथे अडकतात ते आधीच सांगते. शोध आडनावाने घ्यायला गेलात तर भरकटाल, गावाने घ्या. म्यूलर, श्मिट, हान्सन, अँडरसन अशी माणसे शहरागणिक हजारो आहेत. शिवाय स्कँडिनेव्हियातल्या सामान्य घरांत १९वे शतक बरेच पुढे जाईपर्यंत आडनाव बापाकडून मुलाकडे जातच नव्हते. नोंदी होत त्या चर्चच्या पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत येणाऱ्या गावांच्या वहीत. पॅरिश कळला की वही कळते. तो कळला नाही तर कितीही महागड्या वेबसाइटचे सभासद व्हा, हाती अंदाजच लागतील.

पहिली पायरी: घरातली कपाटे

जर्मन घरात सासूबाईंना सगळ्यात आधी ‘श्टामबुख’ मागा. लग्नाच्या वेळी नोंदणी कार्यालयातून घेतलेली ही कागदपत्रांची वही असते आणि पुढे मुलांचे जन्मदाखले तिच्यातच लावले जातात. एका वहीत दोन पिढ्यांची नावे, तारखा आणि मुख्य म्हणजे गावे मिळून जातात.

कपाटात आणखी एक वही सापडण्याची शक्यता असते, तिचे नाव ‘आनेनपास’. नाझी राजवटीत ‘आर्य’ असल्याचा पुरावा म्हणून लोकांना आजे-पणजे शोधून त्यांच्या नोंदींवर चर्चचे किंवा कार्यालयाचे शिक्के आणावे लागत. त्या वहीचा हेतू घृणास्पद होता, पण आतल्या तारखा मूळ नोंदवह्यांतून उतरवलेल्या असल्यामुळे शोधाला फार उपयोगी पडतात. घरातली वडील मंडळी ती दाखवायला कचरतील. घाई करू नका. त्या काळाबद्दल प्रश्न विचारताना आवाज खाली ठेवलेला बरा. पणजोबा युद्धात कुठे होते हे कळायला हवे असेल, तर सैनिकांच्या नोंदी सांभाळणारे बर्लिनचे जुने कार्यालय २०१९पासून जर्मनीच्या केंद्रीय पुराभिलेखागारात, म्हणजे बुंडेसआर्खिव्हमध्ये, सामील झाले आहे. अर्ज तिकडे करावा. उत्तर काय येईल याची तयारी मात्र आधी घरात करून ठेवा.

स्कँडिनेव्हियन घरांत कौटुंबिक बायबलचे पहिले पान, कन्फर्मेशनचा (किशोरवयात चर्चमध्ये श्रद्धा पक्की करण्याच्या विधीचा) दाखला, अमेरिकेला गेलेल्या नातेवाइकांची पत्रे आणि फोटोंच्या पाठीवर छापलेले स्टुडिओचे गाव या चार जागा बघाव्यात. फोटोची मागची बाजूही स्कॅन करायची, हे विसरू नका.

मिळालेली प्रत्येक गोष्ट लिहिताना ती कुठून मिळाली तेही लिहा: वहीचे नाव, वर्ष, पान, अनुक्रमांक. ‘ग्रॅम्प्स’ हे संगणकावरचे मोफत साधन यासाठी पुरेसे आहे. इंटरनेटवर इतरांनी टाकलेल्या वंशवृक्षांत तुमचे घराणे चार क्लिकमध्ये एखाद्या व्हायकिंग राजापर्यंत पोचलेले दिसेल. तो मोह टाळा. सामान्य कुटुंबांच्या चर्च-नोंदी १७व्या शतकाच्या मध्यापलीकडे क्वचितच जातात. त्यामागचे जे काही असेल, त्याला स्वतंत्र पुरावा मागावा.

जर्मनी: १८७६च्या अलीकडे आणि पलीकडे

संपूर्ण जर्मन साम्राज्यात सरकारी जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी १ जानेवारी १८७६ रोजी सुरू झाली. प्रशियात ती १ ऑक्टोबर १८७४पासूनच होती आणि ऱ्हाईन नदीच्या डाव्या तीरावर फ्रेंच अमलामुळे १७९८पासून. ही नोंद करणाऱ्या कार्यालयाला ‘श्टांडेसआम्ट’ म्हणतात. जन्माची नोंद ११० वर्षे, लग्नाची ८० आणि मृत्यूची ३० वर्षे या कार्यालयाकडे राहते आणि तोवर ती बाहेरच्या कुणालाही दाखवली जात नाही. मुदत संपली की वही गावाच्या किंवा जिल्ह्याच्या पुराभिलेखागारात जाते आणि मग कुणीही मागू शकतो.

मुदतीच्या आतली नोंद हवी असेल तर ज्याची नोंद आहे त्याचा जोडीदार, त्याचे आईवडील-पूर्वज किंवा थेट वंशज यांनाच सहसा अर्ज करता येतो. सुनेचा किंवा जावयाचा अर्ज साहजिकच परत येतो. म्हणून पत्र तुम्ही लिहा, सही नवऱ्याची किंवा बायकोची घ्या आणि सोबत नाते सिद्ध करणारे दाखले व ओळखपत्राची प्रत जोडा. पत्रात एकाच माणसाबद्दल विचारा. पूर्ण नाव, अंदाजे वर्ष, गाव, धर्मपंथ आणि ‘संपूर्ण नोंदीची छायाप्रत हवी’ हे वाक्य, एवढे पुरते. टंकलेल्या उताऱ्यापेक्षा मूळ नोंदीची छायाप्रत केव्हाही चांगली, कारण समासात पुढच्या लग्नाची किंवा मृत्यूची टीप असू शकते आणि उताऱ्यात ती गळते.

१८७६च्या मागे गेलात की चर्चच्या वह्या. इथे आधी पंथ माहीत हवा. प्रोटेस्टंट वह्यांसाठी ‘आर्किऑन’ ही सशुल्क वेबसाइट आहे. महिन्याची वर्गणी भरायची तर आधी काय काय बघायचे त्याची यादी करून मगच भरा. कॅथलिक वह्यांसाठी ‘मॅट्रिक्युला’ मोफत आहे. पासाऊ, म्युन्स्टर, पाडरबोर्न अशा बिशपक्षेत्रांच्या वह्या तिथे पानापानाने चाळता येतात. सगळेच पॅरिश तिथे नाहीत, तेव्हा नाही दिसले तर त्या बिशपक्षेत्राच्या पुराभिलेखागाराला पत्र लिहावे. ‘फॅमिलीसर्च’ या वंशावळीच्या वेबसाइटवर मोफत खाते उघडून ठेवा. तिथे नावांची सूची असते, पण सूची पाहून थांबू नका, मूळ पान उघडा.

गावाचे नाव कळले तरी ते नक्की कोणते, हा पुढचा पेच. नॉयश्टाट किंवा नॉयेनडोर्फ नावाची गावे जर्मनीभर विखुरलेली आहेत. यावर उपाय म्हणजे ‘मायर्स गॅझेटियर’, साम्राज्यकाळातल्या दोन लाखांहून अधिक ठिकाणांचा १९१२चा कोश. तो ऑनलाइन मोफत आहे. गाव कोणत्या जिल्ह्यात, त्याचे नोंदणी कार्यालय कुठे, जवळचे प्रोटेस्टंट आणि कॅथलिक चर्च कोणते, हे सगळे तिथे कळते. सिलेसिया, पोमेरेनिया, पूर्व प्रशिया इथली गावे आज पोलंड किंवा रशियात आहेत आणि त्यांची नावे पार बदलली आहेत. ती शोधायलाही आधी हाच कोश लागतो. काही वह्या पोलंडच्या सरकारी पुराभिलेखागारांत आहेत, काही बर्लिनच्या ‘श्टांडेसआम्ट एक’मध्ये आणि काही युद्धात कायमच्या गेल्या.

नोंदवह्यांत चिन्हे दिसतील: * म्हणजे जन्म, ~ बाप्तिस्मा, ∞ लग्न, † मृत्यू. आणखी एक सवय लावून घ्या. एकाच घरातले चार भाऊ योहान फ्रीडरिश, योहान हाइनरिश असे ‘योहान’ने सुरू होत असतील तर गोंधळू नका. हाक मारायचे नाव बहुधा ‘योहान’नंतरचे असते. पश्चिम जर्मनीतल्या वेस्टफालियात आणखी गंमत. तिथे शेतवाडीचे नाव माणसाला चिकटायचे. वारसदार मुलीशी लग्न करून वाडीवर राहायला गेलेला जावई वाडीचेच नाव लावू लागे. त्यामुळे बापाचे आणि मुलाचे आडनाव वेगळे दिसले तर नोंद खोटी आहे असे समजू नका. वाडी कुणाची होती ते पाहा.

हस्ताक्षर

हा टप्पा टाळता येत नाही. जुन्या नोंदी ‘कुरेंट’ वळणात आहेत. तिच्यात ‘ई’ हे अक्षर ‘एन’सारखे दिसते, ‘यू’ वेगळा कळावा म्हणून त्यावर छोटी कमान काढतात आणि लांबोळका ‘एस’ व ‘एच’ सहज एकमेकांत मिसळतात. शाळांत शिकवलेले ‘झ्युटरलिन’ हे त्याचेच सोपे रूप. १९४१मध्ये ही वळणे शाळेतून काढली गेली, त्यामुळे आजचे बहुतेक जर्मन लोकही आजीची पत्रे वाचू शकत नाहीत. तेव्हा ‘जावई जर्मन आहे, तो वाचेल’ या भरवशावर राहू नका.

सुरुवात सर्वांत नव्या नोंदीपासून करून मागे जावे. आधी महिने, अंक आणि तुम्हाला माहीत असलेली नावे ओळखा. त्यांतून त्या विशिष्ट पाद्र्याची अक्षरमाला कागदावर उतरवा. पाद्री बदलला की नवी अक्षरमाला. ‘ट्रान्सक्रिबुस’ हे यंत्रवाचनाचे साधन मदतीला आहे, पण नेमकी नावे आणि गावेच ते चुकवते, आणि आपल्याला हवे असते तेच. डेन्मार्क-नॉर्वेतही १९व्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत याच जातकुळीचे हस्ताक्षर होते, तेव्हा ही मेहनत दोन्हीकडे कामी येते.

तारखांचाही घोळ असतो. जुने कॅलेंडर सोडून नवे घेताना डेन्मार्क-नॉर्वेत १७००मध्ये १८ फेब्रुवारीनंतर थेट १ मार्च उजाडला, स्वीडनमध्ये १७५३ साली १७ फेब्रुवारीनंतर. स्वीडनमध्ये तर १७१२ला ३० फेब्रुवारी ही तारीख खरोखर होऊन गेली. ती कुणाच्या नोंदीत दिसली तर पाद्र्याला नावे ठेवू नका. पुष्कळ जागी तारीखच नसते, ‘ट्रिनिटी (एक ख्रिस्ती सण) नंतरचा तिसरा रविवार’ असे लिहिलेले असते. अशा सणवारांची तारीख काढून देणारे तक्ते इंटरनेटवर मिळतात.

श्लेस्विग: एक गाव, दोन देश

जर्मन आणि डॅनिश दोन्ही मुळे एकाच घरात असतील तर बऱ्याचदा खुलासा इथे मिळतो. श्लेस्विग हे डॅनिश राजाच्या अमलाखालचे संस्थान. १८६४च्या युद्धात ते हातचे गेले आणि पुढे प्रशियात विलीन झाले. १९२०मध्ये सार्वमत होऊन उत्तरेचा भाग डेन्मार्ककडे परतला. त्यामुळे १८९० साली ‘हाडर्सलेबन, जर्मनी’ इथे जन्मलेली आणि १९५०मध्ये ‘हाडर्सलेव, डेन्मार्क’ इथे वारलेली बाई घरातून हललीसुद्धा नसेल. गावांची दोन्ही नावे टिपून ठेवा: आपेनराडे आणि ऑबेनरो, टोंडर्न आणि टोनर. सीमेच्या उत्तरेकडच्या वह्या डेन्मार्कच्या राष्ट्रीय पुराभिलेखागाराच्या वेबसाइटवर मोफत आहेत. १८७४नंतरची प्रशियाच्या पद्धतीची सरकारी नोंदणीही तिथेच शोधायची. दक्षिणेकडच्या प्रोटेस्टंट वह्यांसाठी आर्किऑन पाहावे.

आडनावाचा हुकूमही इथे लवकर आला. श्लेस्विगमध्ये कायमचे कुलनाम ठरवा, असे १७७१मध्ये फर्मान निघाले. लोकांनी ते पाळायला पुढची पुष्कळ वर्षे घेतली. १७७० ते १८२०च्या दरम्यान सख्ख्या भावांची आडनावे वेगवेगळी दिसली तर ती या उशिराची खूण समजावी. आमच्या सासरी दोन भावांच्या दोन शाखा एकमेकींना परक्या मानत होत्या. कारण एवढेच, की एकाने बापाचे नाव गोठवले आणि दुसऱ्याने आजोबांचे.

डेन्मार्क आणि नॉर्वे

डेन्मार्कमध्ये पाद्र्यांना नोंदी ठेवण्याचा हुकूम १६४५-४६मधला. १८१४पासून छापील रकान्यांची वही आली आणि ती दोन प्रतींत ठेवायची, दोन्ही प्रती रात्री एका छपराखाली ठेवायच्या नाहीत, असा नियम होता. आगीत एक गेली तरी दुसरी वाचावी म्हणून. त्यामुळे एका वहीतले पान डागाळलेले असेल तर दुसरी प्रत उघडा. दोन लेखकांचे हस्ताक्षर वेगळे असल्याने अडलेला शब्दही तिथे सुटतो.

शिरगणती १७८७ आणि १८०१ची आहे, पण १८४५ची सर्वांत कामाची, कारण तिच्यापासून जन्माचा पॅरिश लिहिलेला असतो. घराण्याचे गाव सापडत नसेल तर थेट तिथे उडी मारा. पुरुषांसाठी १७८९पासूनच्या लष्करभरतीच्या याद्या आहेत. शेतकरी घरातला मुलगा जन्मतःच यादीत चढे आणि गाव बदलले की कुठून कुठे गेला याचा क्रमांक लिहिला जाई. चर्चच्या वहीत हरवलेला माणूस या यादीत सापडतो.

नावांची रीत आपल्याला समजायला सोपी आहे. हान्सचा मुलगा ऊले असेल तर तो ऊले हान्सन, त्याचा मुलगा पुन्हा हान्स ऊलसन, मुलगी ऊल्सदात्तर. लग्नानंतर बाई बापाचेच नाव लावे. डेन्मार्कमध्ये १८२८च्या हुकमाने कुलनाम पक्के करायला सांगितले, नॉर्वेत तर १९२३च्या कायद्याने. नॉर्वेत तिसरे नाव म्हणून शेताचे नाव लागते. आपल्याकडचा चिपळूणकर पुण्याला गेला तरी चिपळूणकरच राहतो. नॉर्वेचा ऊले हान्सन बाक्के मात्र बाक्के शेत सोडून हाउगेनला राबायला गेला की ऊले हान्सन हाउगेन होतो, कारण ते नाव त्याचा पत्ता असतो. एकाच शेतावरचे धनी आणि गडी एकच नाव लावतात आणि त्यांचे रक्ताचे नाते काहीही नसते. हे लक्षात न घेता जोडलेले वंशवृक्ष इंटरनेटवर ढिगांनी आहेत.

दुसरीकडे एक रूढी मदतीला येते. थोरल्या मुलाला बापाच्या बापाचे नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचे, मुलींचेही तसेच. विधुराने पुन्हा लग्न केले तर नव्या बायकोच्या पहिल्या मुलीला बहुधा वारलेल्या पहिल्या बायकोचे नाव. हा पुरावा नव्हे, पण कोणत्या घरात शोधायचे ते सुचते.

नॉर्वेची ‘डिगिटालआर्कीव्हे’ ही पुराभिलेखांची वेबसाइट मोफत आहे. चर्चच्या वह्या, १८०१, १८६५, १८७५, १८९१, १९००, १९१० आणि १९२०च्या शिरगणत्या तिथे आहेत. त्या पाहण्याआधी त्या भागाचे ‘बुग्देबूक’ छापलेले आहे का ते पाहा. त्यात शेतागणिक कोण राहिले, कुणाची मुले कोण, हे स्थानिक इतिहासकारांनी लिहून ठेवलेले असते. मिळाले तर महिन्यांचे काम एका दुपारी उरकते, मिळालेली माहिती मूळ वहीशी ताडून पाहा म्हणजे झाले.

शोधपेटीत लिहिताना ध्यानात ठेवा, डॅनिश-नॉर्वेजियन आणि स्वीडिश वर्णमालेतली जादा तीन अक्षरे शेवटी येतात. वर्तुळ डोक्यावर घेतलेला ‘ए’ जुन्या कागदांत दोन ‘ए’ जोडून लिहितात. अनुक्रमणिकेत गाव सापडले नाही तर शेवटचे पान बघा.

स्वीडन: घराघराची परीक्षा

मला विचाराल तर वंशावळ काढायला सर्वांत सुखाचा देश स्वीडन. १६८६च्या चर्च-कायद्याने नोंदी सक्तीच्या केल्या आणि त्यासोबत घरोघरच्या परीक्षेची वही आली. पाद्री दरसाल प्रत्येक घरातल्यांचे वाचन आणि धर्मप्रश्नोत्तरे तपासत असे. त्या वहीत घरातला प्रत्येक जण, अगदी मोलकरीणसुद्धा, जन्मतारीख आणि जन्मगावासह लिहिलेला असतो. वाचन कसे आहे त्याच्या खुणा असतात, देवी येऊन गेल्याची टीप असते आणि कुठून आला, कुठे गेला, कधी गेला, हेही असते. एक वही संपली की पुढच्या गावाची वही उघडायची. सतराव्या वर्षी चाकरीला बाहेर पडलेली मुलगी अशी शेताशेतातून लग्नापर्यंत गाठता येते. १८९०च्या दशकात या वहीची जागा नव्या पॅरिश-वहीने घेतली. लोकनोंदणीचे काम चर्चकडून कर खात्याकडे गेले ते १ जुलै १९९१ला.

स्वीडनच्या राष्ट्रीय पुराभिलेखागाराने २०१८पासून वह्यांचे स्कॅन मोफत केले. ‘आर्कीव्ह डिगिटाल’ ही वेबसाइट सशुल्क आहे, पण तिचे रंगीत फोटो जास्त स्पष्ट. नोंदी ७० वर्षे गोपनीय असतात.

रास्क, मूदिग, शोल्ड अशी छोटी, ठसठशीत आडनावे दिसली तर पूर्वज शिपाई असणार. एका तुकडीत दहा अँडरसन नकोत म्हणून शिपायाला नवे नाव मिळे आणि ते बहुधा त्याला राहायला दिलेल्या खोपटाला जोडलेले असे. पुढच्या शिपायालाही तेच. नाव सारखे म्हणून नाते जोडू नका.

शेवटी ढाल

या विषयात लोकांना सर्वांत आधी हवी असते ती ढाल, म्हणजे ढालीवर काढलेले कुलचिन्ह, म्हणून मी ती शेवटी ठेवली आहे. १८७७च्या दिल्ली दरबारात इंग्रजांनी आपल्या संस्थानिकांना युरोपीय धाटणीची कुलचिन्हे असलेली निशाणे वाटली, त्यामुळे ढाल म्हणजे राजघराणे अशी आपली समजूत आहे. जर्मन प्रदेशात तसे नव्हते. तिथे व्यापारी, कारागीर, क्वचित शेतकरीही ढाल वापरत. पण ती त्या एका वंशशाखेची असते, आडनावाची नसते. ‘म्यूलर घराण्याचे कुलचिन्ह’ म्हणून चौकटीत बसवून विकतात ते बहुतेक कुठल्यातरी एका म्यूलरचे असते. तुमच्या म्यूलरशी त्याचा संबंध सिद्ध व्हायचा तर ज्याने ती ढाल प्रथम धारण केली, त्याच्यापर्यंत बापाकडून बापाकडे अखंड साखळी दाखवावी लागते. म्हणूनच आधी वंशावळ.

घरात जुनी मुद्रा, अंगठी, थडग्याचा दगड किंवा चर्चमधल्या बाकावरची कोरीव ढाल असेल तर फोटो काढा आणि रंग ओळखा. एकरंगी छापात रंग रेघांनी दाखवतात: ठिपके म्हणजे सोनेरी, मोकळी जागा रुपेरी, उभ्या रेघा लाल, आडव्या निळ्या, उभ्या-आडव्या मिळून काळा. वरचे शिरस्त्राणही पाहा. गजांचे असेल तर साधारणपणे उमराव, बंद असेल तर नागरिक. मग न्युर्नबेर्गमध्ये १६०५पासून निघालेला झीबमाखरचा ढाल-कोश आणि बर्लिनच्या ‘हेरोल्ड’ संस्थेची (स्थापना १८६९) नोंदयादी यांत ताडून पाहावे. बेकरांच्या संघाचे चिन्ह घराण्याचे म्हणून पुजले जाणे, हा प्रकार मी पाहिला आहे.

नावात ‘फॉन’ आहे म्हणून सरदार घराणे सापडले असे समजून हुरळू नये. उत्तर जर्मनीत तो पुष्कळदा नुसता गाव सांगतो. १९१९च्या वायमार राज्यघटनेने सरदारकीच्या पदव्या नावाचा एक भाग करून टाकल्या.

स्वीडनमध्ये काम सोपे, कारण सरदार घराणी १६२६पासून स्टॉकहोमच्या सरदारसभेत, ‘रिद्दारहूसे’मध्ये, नोंदली गेली आणि तिथल्या भिंतींवर दोन हजारांहून जास्त ढाली टांगलेल्या आहेत. शेवटची सरदारकी १९०२मध्ये प्रवासी स्वेन हेदिन याला मिळाली, तेव्हा त्यानंतरची ‘सरदार ढाल’ कुणी दाखवली तर हसून सोडून द्या. डेन्मार्कमध्ये राजाने १५२६ला उमरावांना कुलनाम ठरवायला लावले आणि काहींनी ढालीवरूनच नाव घेतले. ग्युल्डनस्टिअर्न या उमराव घराण्याची निळ्या ढालीवर सोनेरी चांदणी आहे आणि नावाचा अर्थही तोच.

बहुतांश घरांत मात्र ढाल निघणारच नाही. तिथे ‘बूमेर्के’ शोधा, जर्मनीत त्याला ‘हाउसमार्के’ म्हणतात. दोन-चार रेघांची ती खूण शेतकरी औजारांवर, लाकडाच्या ओंडक्यांवर उमटवत आणि सही न येणारे कागदावर सहीच्या जागी काढत. वाटणीपत्रे, खरेदीखते, गावच्या न्यायसभेचे कागद इथे ती मिळते. मिळाली की पानाचा पूर्ण फोटो घ्या, खुणेशेजारचे नाव आणि वहीचा क्रमांक लिहून ठेवा, आणि खूण जशी आहे तशीच उतरवा. रेघ सरळ करून सुबक करायला जाऊ नका. कधी कधी थोरल्या मुलाकडे बापाची खूण जशीच्या तशी जाते आणि धाकटा तिच्यात एक रेघ वाढवतो.